बाबांच्या व्हिएतनामी शेवया

बाबांनी भात ताटाच्या कडेला सरकवला की माझ्या डोक्यात सणक जायची. आजारी माणसावर चिडू नये एवढं मलाही कळतं, पण कळणं आणि गप्प बसणं या माझ्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या थंडीत त्यांना क्षय निघाला, तेव्हा मी त्यांना पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीतून उचललं आणि महाडला माझ्या फ्लॅटवर आणलं. सहा महिन्यांचा कोर्स. सकाळी मूठभर गोळ्या आणि मग दिवसभर मळमळ. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळ्या त्यांचं काम करतील. पण वजन असंच उतरत राहिलं तर त्यांना गोळ्या सोसणार नाहीत. काहीही करून खायला घाला."

काहीही करून, हे शब्द माझ्यासारखीला सांगू नयेत. मी मऊ भात केला, पेज केली, नाचणीचं सत्त्व केलं, खजूर घालून दूध उकळलं. कडवे वाल भिजवले, मोड आणले, एकेक सोलून त्याचं बिरडं केलं. त्या सोलण्यात माझा अख्खा रविवार गेला. बाबांनी एक घास घेतला, जिभेवर इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाले, "माती लागते गो."

मी आतल्या खोलीत जाऊन कपाटाचं दार दोनदा आपटलं आणि परत येऊन विचारलं, "मग काय करू, सांगा तरी." त्यांना सांगता येत नव्हतं. तोंडाला चवच नाही तर माणूस मागणार तरी काय?

त्यात बाबा माळकरी. डॉक्टरीणबाईंनी अंडी सांगितली तेव्हा त्यांनी शर्टाच्या आतून तुळशीची माळ बाहेर काढली, बाईंना दाखवली आणि परत आत सोडली. विषय संपला.

ही माळ काही वय झालं म्हणून गळ्यात आलेली नव्हती. मी कॉलेजात असेपर्यंत बाबांइतका मासळीचा शौकीन माणूस आमच्या वाडीत नव्हता. दासगावची मासेवाली टोपली घेऊन वाडीवर चढायच्या आत ते खाली रस्त्यावर जाऊन तिला गाठत, म्हणजे निवडून घेता येई. सुक्या जवळ्याशिवाय त्यांचा पावसाळा जात नसे. मग आईचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. बाबा तेव्हा देवळात गेले नाहीत. आईच्या खाटेशी बसले आणि तिच्या कानात म्हणाले, तू ऊठ, मी मासळी सोडतो. आई उठली. बाबांनी माळ घातली. त्यानंतर आई बरीच वर्षं जगली, आणि गंमत म्हणजे ती स्वतः मात्र मासे खायची. "नवस तुमचा, मी कशाला सोडू?" म्हणून त्यांना चिडवायची. ती गेली तरी बाबांनी माळ उतरवली नाही.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये काम करते. कच्चा माल तपासणं हे माझं काम. सोबतचा कागद वाचल्याशिवाय मी ड्रमचं झाकण उघडू देत नाही, त्यामुळे माल उतरवणारे मला घाबरतात आणि माझ्यामागे नकला करतात. लग्नाचं विचारू नका. फ्लॅट माझा, तिसऱ्या मजल्यावरचा, कारण महाडात पुराचं पाणी कुठवर चढतं हे बघितलेला माणूस तळमजला घेत नाही.

तर आमच्या कंपनीतला मेंटेनन्सचा एक इंजिनियर मशीन बसवायला महिनाभर व्हिएतनामला गेला होता. येताना त्याने अर्धी बॅग भरून नूडल्सची पाकिटं आणली. तिथली सगळ्यात स्वस्त, मजूर लोक खातात ती. लॅबमध्ये किटलीतलं गरम पाणी ओतून सगळ्यांनी चव घेतली आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. आमच्या लोकांना नूडल्स म्हणजे पिवळ्या आणि मसालेदार माहीत. या आंबट होत्या, नासल्यासारख्या वाटल्या त्यांना. मी घोट घेतला आणि माझ्या कानामागे घाम आला. आंबट, तिखट, गवती चहासारखा वास, आणि खाली आणखी काहीतरी खमंग, ज्याचं नाव मला सापडेना. पण इतकी वर्षं सॉल्व्हंटच्या वासात काढल्यावर माझ्या नाकाचा भरवसा मी स्वतःसुद्धा धरत नाही. आंबट आणि तिखट एवढं कळलं तरी खूप.

"व्हेज आहेत ना?" मी विचारलं.

"मॅडम, मी अंडं तरी खातो का? महिनाभर यावरच काढलाय मी तिथं," तो म्हणाला.

पाकिटावर कापलेलं लिंबू होतं, लाल मिरच्या होत्या, हिरवी पानं होती, आणि कोपऱ्यात काहीतरी गुलाबी, वळलेलं. लग्नाच्या जेवणात काकडीवर गाजराचं फूल करून ठेवतात, तसलं काहीतरी असावं असं मी धरून चालले. बाकीची अक्षरं मला वाचता येत नव्हती. कुणालाच नको होती म्हणून उरलेली सगळी पाकिटं मी पिशवीत घालून घरी आणली.

त्या दिवशी संध्याकाळी मी ती स्वतःसाठी करत होते. मसाल्याची पुडी पाण्यात पडली, वाफ वर आली, आणि बाबा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. महिनाभरात ते माझ्या स्वयंपाकघराकडे आपणहून आले नव्हते.

"काय शिजवतेस गो?"

"नूडल्स. व्हिएतनामच्या."

"शेवया हायत ह्या," ते म्हणाले. "दे जरा."

जरा म्हणता म्हणता त्यांनी वाडगा संपवला. शेवटी वाडगा तोंडाला लावून पाणीसुद्धा प्यायले आणि मिशी पुसली. मी ओट्याला टेकून बघत राहिले. मला रडू आलं ते मी कांद्यावर ढकललं, आणि कांदा मी चिरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. मैदा, तळणीचं तेल आणि मीठ, यावर क्षयाचा माणूस जगवायचा नसतो हे मला माहीत होतं. मग या शेवया सुधारायच्या. मी एक वही केली आणि लॅबमध्ये करते तसं एका वेळी एकच गोष्ट बदलायला सुरुवात केली.

पहिल्यांदा शेवया वेगळ्या उकडून ते पाणी ओतून दिलं. वर तरंगणारं तेल गेलं. बाबांना फरक कळला नाही, म्हणजे पास. मग नारळाचं दूध घातलं. आंबटपणात ते फाटलं आणि भांड्यात चोथा तरंगू लागला. बाबांनी तोही खाल्ला, पण माझ्याकडे बघत बघत. शेंगदाण्याचं कूट घातलं तर म्हणाले, "हे पिठलं झालं." आमसुलं घातली, रंग मातकट झाला, पण ते खूश. गॅलरीतल्या कुंडीतला गवती चहा ठेचून घातला, तोही चालला. सगळ्यात मोठा विजय म्हणजे वाल. ज्या वालाच्या बिरड्याला माती म्हणाले होते, तेच सोललेले वाल वेगळे शिजवून मी शेवयांत सोडले आणि वाडग्याच्या तळाला एकही उरला नाही. वर थोडं किसलेलं आलं आणि गुळाचा खडा. रविवारचे रविवार वाल सोलण्यात गेले आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं.

एकदा मीठ कमी करायचं म्हणून मी मसाल्याची अर्धीच पुडी टाकली. बाबांनी दोन चमचे खाल्ले आणि थांबले.

"आज काय तरी कमी हाय."

"मीठ कमी आहे. तब्येतीला बरं."

"मीठ नाय. काय तरी दुसरं."

मी वहीत लिहिलं, मसाला अर्धा, नापसंत. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. लॅबमध्ये असा रकाना रिकामा ठेवणाऱ्या पोरींना मी फाडून खाते.

महिन्याच्या वजनाला काटा पहिल्यांदा पुढे सरकला. बाबा खिडकीत उभे राहू लागले, खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कामगारांच्या बसकडे बघून कुठली पाळी सुटली ते सांगू लागले. मला म्हणाले, "तुझ्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आज उशिरा आला." माणूस बरा होतोय याची माझी खूण ही की तो दुसऱ्याच्या उठाठेवी करायला लागतो.

पण पाकिटं संपत आली. इंजिनियरकडे आणखी नव्हती. सहा उरली तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आपण एवढ्या रसायनशास्त्रातल्या, मसाल्याची एक पुडी आपल्याला करता येऊ नये? दुपारच्या सुट्टीत मी पाकिटाची मागची बाजू फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली. फोन हल्ली कुठलीही भाषा वाचून सांगतो. हे मला आधीही करता आलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं.

साखर, मीठ, मिरची, लसूण, गवती चहा, कोळंबीची पूड, माशाचा अर्क.

मी फोन खाली ठेवला, चष्मा पुसला आणि परत धरला. शब्द थोडे हलले, कोळंबी हलली नाही. कोपऱ्यातलं ते गुलाबी गाजराचं फूल आता मला नीट दिसलं. त्याला शेपटी होती.

इंजिनियरला सांगितलं तर तो हसला. "जाऊ द्या मॅडम, परदेशात झालं ते. फक्त आमच्या घरी बोलू नका." त्याचं मिटलं. माझं मिटेना.

त्या दुपारी मी एकच नमुना तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा आकडा कागदावर उतरवायला विसरले. आईच्या जिवासाठी सोडलेली गोष्ट मी बाबांना रोज वाडगा भरून दिली होती, वर वाल घालून, गूळ घालून, सजवून. घरी आले तर बाबांनी स्वतःच गॅसवर पाणी ठेवलं होतं. "शेवया टाक," ते म्हणाले. मी टाकल्या.

न कळता दिलं ती चूक होती. कळल्यावर जे दिलं त्याला काय म्हणायचं? मी रोज ठरवायची की आज सांगायचं. बाबा वाडगा घेऊन बसायचे, पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे, आणि माझं तोंड उघडायचं नाही. कोर्सचे तीन महिने बाकी होते. वजन वाढत होतं. काय बिघडलं, असं एक मन म्हणे, त्यांना माहीतच नाही तर नवस मोडला कसा? दुसरं मन म्हणे, तुला माहीत आहे ना. मला एका जागी बसवेना. मी स्वयंपाकघरातले डबे उतरवून धुतले, आठवड्यात दोनदा. टीव्हीसमोर उभ्याने जेवले. सुट्टीच्या दिवशी काही काम नसताना स्कूटर काढून वरंध घाटाच्या रस्त्याला लागले, अर्ध्यातून वळले आणि घरी येऊन बाबांवरच ओरडले की गॅलरीचं दार उघडं का ठेवलं. बाबांनी दार लावून घेतलं. गुन्हा माझा, ओरडा त्यांना.

मी मासळीशिवायची पुडीही करून पाहिली. आमसूल, लसूण, मिरची, सुंठ, भाजून वाटलेले तीळ. चार प्रकारे केली. बाबांनी चारही वेळा थोडं खाऊन वाडगा ठेवला. "ही चांगली भाजी हाय," ते म्हणाले, "शेवया नायत." मग मी परत पाकीट फोडायची. असं करत दोन पाकिटं उरली.

पुढच्या वजनाच्या दिवशी मी रजा टाकली. काटा आणखी पुढे गेला होता. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर आकडा लिहिला आणि खुशीत विचारलं, "काय खाता बाबा?"

"शेवया," बाबा म्हणाले. "पोरगी करते." आणि माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

दवाखान्यातून आम्ही एसटी स्टँडवर आलो. बाबांना वाडीवर जाऊन घराची कौलं बघून यायची होती, संध्याकाळपर्यंत परतायचं होतं. पोलादपूरची गाडी लागली नव्हती. बाकड्यावर बसलो. उन्हात उभ्या गाड्यांच्या धुराचा वास येत होता, कुणीतरी कलिंगड कापत होतं. मी दोनदा उठून चौकशीच्या खिडकीवर जाऊन आले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा बाबा म्हणाले, "बस की गो. गाडी तुझ्या उठण्यानं येणार हाय का?"

मी बसले आणि म्हणाले, "बाबा, त्या शेवयांत कोळंबी आहे."

ते समोरच्या पाट्या वाचत होते. वाचतच राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी परत म्हणाले, जरा मोठ्याने. "मसाल्यात. कोळंबीची पूड आहे आणि माशाचा अर्क. मला माहीत नव्हतं, शपथ. आठ दिवसांपूर्वी कळलं."

"ठाऊक हाय," बाबा म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"कोलबी हाय ते. पयल्याच घासाला कळलं. मी काय जवळा खाल्ला नाय जन्मात?"

माझा पारा चढला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण आधी राग आला. "मग बोलला का नाहीत? मी इथे आठ दिवस स्वतःला खातेय!" शेजारच्या बाकड्यावरची बाई मान वळवून बघू लागली. बाबा चिडले नाहीत. त्यांनी हात शर्टाच्या आत घातला आणि माळेवर ठेवला, छाती दुखते तेव्हा ठेवतात तसा.

"तुला ठाऊक नव्हतं ना," ते म्हणाले. "म्हणून चाललं होतं."

मला कळेना. त्यांनी समोर बघतच सांगितलं. "मी रोज तुझ्या आईशी बोलायचो. म्हणायचो, पोरीला ठाऊक नाय. वाल सोलते, खपते, तिच्या हातचं नको कसं म्हणू? चुकून जातंय पोटात. ती काय बोलली नसती. हसली असती." मग माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं झालं असतं. "आता तुला ठाऊक हाय. आता तिला काय सांगू?"

गाडी लागली. बाबा चढले, खिडकीजवळ बसले, मी शेजारी बसले. कंडक्टरला दोन पोलादपूर म्हणाले तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. वाडीवर त्यांनी कौलं बघितली, पडवी झाडली, शेजारच्यांशी आंब्याच्या मोहराबद्दल बोलले. मला एका शब्दाने दोष दिला नाही. माळ त्यांच्या गळ्यातच होती.

लोकांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा मी खरं बोलले असं सांगते. माणसं मान डोलावतात. खरं हे आहे की मला ते एकटीला बाळगवत नव्हतं. आठ दिवसांत मी थकले आणि माझं ओझं एका आजारी माणसाच्या मांडीवर ठेवून मोकळी झाले. त्यांनी मात्र ते दोन महिने, माझ्यासमोर बसून, माझ्या हातचं खात, एकट्याने सांभाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गोळ्या घेतल्या. त्यांनी पाणी ठेवलं नव्हतं. मी तांदळाची पेज केली, मीठ घातलं, वर तूप सोडलं आणि वाटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक चमचा घेतला. तोंडात इकडून तिकडे फिरवला, घशाखाली ढकलला, दुसरा घेतला. मी समोर बसले होते. मला राहवलं नाही.

"कशी झालीय?"

"चांगली झालीय गो," बाबा म्हणाले, आणि वाटी रिकामी होईपर्यंत खाली बघून खात राहिले. मी विचारलं नसतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं नसतं.